फूल पाडण्याचा खेळ : प्रस्तावना

बॅडमिंटनचा जन्म पुण्याचा, हे मराठी वाचकाला वेगळे सांगावे लागत नाही. सामान्यज्ञानाच्या पुस्तकांतून ते वाक्य अनेक पिढ्यांनी पाठ केलेले आहे. इंग्लंडमध्ये तितक्याच खात्रीने ग्लॉस्टरशायरमधल्या बॅडमिंटन हाउसचे, म्हणजे ड्यूक ऑफ बोफर्ट यांच्या वाड्याचे नाव घेतले जाते आणि खेळाच्या नावातच वाडा असल्यामुळे वाद मिटला असे तिकडे मानतात. चीनमध्ये पिसांचे फूल पायाने उडवत ठेवण्याची रीत फार प्राचीन आहे, तेव्हा मूळ आमचेच असे तेही म्हणू शकतात. तिन्ही दाव्यांत तथ्य आहे आणि तिन्ही अपुरे आहेत, कारण ज्या प्रश्नाचे उत्तर म्हणून ते पुढे येतात तो प्रश्नच नीट घातलेला नाही. पिसांचे फूल आणि ते मारायची फळी या वस्तू कुणी एकट्याने शोधलेल्या नाहीत, त्यामुळे त्यांच्यामागे जन्मगाव शोधत गेले की माणूस कुठेही पोहोचू शकतो. शोधायचा असेल तर तो काळ शोधावा, जेव्हा या खेळाचा हेतूच उलटा झाला. फूल हवेत ठेवण्यासाठी खेळणारी माणसे ते पाडण्यासाठी खेळू लागली, तिथे आजचे बॅडमिंटन सुरू होते. प्रस्तुत पुस्तकाची उभारणी या एका विचारावर झालेली आहे, आणि तो विचार पुराव्याला कितपत टिकतो हे तपासणे हाच या प्रस्तावनेचा हेतू आहे.

युरोपात ‘बॅटलडोर अँड शटलकॉक’ या नावाने ओळखला जाणारा खेळ कित्येक शतके चालत आला होता. दोघांनी हातात लहान फळ्या घ्यायच्या आणि मधले फूल जमिनीला न टेकवता जितक्या वेळा परतवता येईल तितक्या वेळा परतवायचे. जाळी नाही, कोर्ट नाही, रेषा नाहीत. फ्रेंच चित्रकार शार्दँ याने १७३७ साली फळी आणि फूल हातात घेतलेली मुलगी रंगवली, त्या चित्रात प्रतिस्पर्धी कुठेच नाही. जपानमध्ये नववर्षाला मुली ‘हागोइता’ नावाच्या सजवलेल्या लाकडी फळीने असेच फूल उडवत. या सगळ्या खेळांचा आत्मा एकच होता : सोबत. बॅडमिंटन हाउसमध्ये जपून ठेवलेल्या एका जुन्या फळीवर १८३० सालची नोंद आहे, त्या घरातल्या व्यक्तींनी फूल सलग २११७ वेळा परतवल्याची. तो आकडा दोघांच्या जोडीने केलेला पराक्रम आहे. त्यात जिंकलेला कुणी नाही आणि हरलेलाही कुणी नाही. समोरच्याला परतवता येईल असाच फटका मारणे ही त्या खेळातली कला होती. आजच्या खेळाडूला तो फटका चूक वाटेल. बॅडमिंटन हाउसचा दावा ज्या वस्तूवर उभा आहे, ती वस्तूच आपल्याला सांगते की १८३० पर्यंत त्या वाड्यात आजचे बॅडमिंटन खेळले जात नव्हते.

मग ते कुठे खेळले जाऊ लागले? १८५७ नंतर हिंदुस्थानातल्या लष्करी छावण्या वाढल्या आणि गोऱ्या अधिकाऱ्यांची कुटुंबे तिथे मोठ्या संख्येने राहू लागली. पुणे आणि खडकी ही अशीच ठाणी. हातात मोकळी संध्याकाळ, बंगल्यापुढे हिरवळ, खेळायला पुरुष आणि स्त्रिया दोघेही, आणि कवायतीच्या शिस्तीत मुरलेली, प्रत्येक गोष्टीला नियम लावणारी मंडळी. या वातावरणात फूल उडवण्याच्या जुन्या खेळात मधे जाळी आली, दोन बाजू झाल्या, जागा आखली गेली आणि गुण मोजणे सुरू झाले. या खेळाचे नियम पुण्यात १८७३ च्या सुमारास लिहून काढले गेले, असे सर्वसाधारणपणे मानले जाते, आणि त्या काळी हा खेळ ‘पूना’ याच नावाने ओळखला जाई. कराचीच्या छावणीतही त्याच दशकात नियमांची जुळवाजुळव चाललेली दिसते. वारा असला किंवा पाऊसपाणी असले की पिसांच्या फुलाऐवजी लोकरीचा चेंडू वापरत, आणि इथे दक्षिणेतला एक धागा येऊन मिळतो. तंजावरच्या राजघराण्यात १८५६ च्या सुमारास लोकरीच्या चेंडूने हा खेळ खेळला जाई अशी परंपरा बॉल बॅडमिंटनवाले सांगतात. ते घराणे भोसल्यांचे, म्हणजे मराठी. परंपरेला कागदाचे वजन देता येत नाही. परंतु पाच-पाच जणांच्या संघांनी पिवळ्या लोकरी चेंडूने खेळायचा तो खेळ दक्षिण भारतात आजही जिवंत आहे, आणि जाळीवरून हलकी वस्तू मारण्याची आवड छावणीच्या कुंपणाबाहेरही होती, एवढे त्यावरून म्हणता येते.

यावर इंग्रज अभ्यासकांचा आक्षेप ठरलेला आहे. लंडनचा खेळणी विक्रेता आयझॅक स्प्रॅट याने १८६० साली ‘बॅडमिंटन बॅटलडोर’ या नव्या खेळाची पुस्तिका काढली, असा उल्लेख सापडतो. तेव्हा पुण्याच्या नियमांच्या आधीच हे नाव आणि काहीतरी नवा खेळ इंग्लंडात होता. आक्षेप वजनदार आहे. पण त्या पुस्तिकेची एकही प्रत उपलब्ध नाही, त्यामुळे त्या नव्या खेळात जाळी होती की नाही, गुण होते की नाही, हे तिच्यावरून ठरत नाही. नाव आधी होते, एवढेच सिद्ध होते. उलट आक्षेप आपल्या बाजूनेही घ्यायला हवा आणि मराठी लेखनात तो क्वचितच घेतला जातो. ‘पुण्याचा खेळ’ म्हणताना आपल्या डोळ्यांपुढे पुणे शहर असते, पण तो खेळ लष्करातला होता, पेठांतला नव्हे. खेळणारे, नियम लिहिणारे आणि ते नियम मायदेशी नेणारे सगळे ब्रिटिश होते. मैदान आखणारे, जाळी बांधणारे, फूल उचलून देणारे हात हिंदी असणार, पण त्यांची नोंद कुणी ठेवली नाही. म्हणून पुण्याचा मान मोठा असला तरी तो कशाचा मान आहे हे स्पष्ट असावे. या भूमीवर जुना खेळ स्पर्धेचा झाला, आणि ज्यांनी तो तसा केला ते इथले राज्यकर्ते होते. दोन्ही गोष्टी एकत्र सांगितल्या तरच विधान खरे ठरते.

निवृत्त अधिकारी परतले आणि फोकस्टन, बाथ, साउथसी अशा गावांत स्थायिक झाले. इंग्लंडमधले पहिले क्लब तिथे उभे राहिले, हा योगायोग नाही. १३ सप्टेंबर १८९३ रोजी पोर्ट्‌स्मथमधल्या ‘डनबार’ या घरात बॅडमिंटन असोसिएशन स्थापन झाली आणि विस्कळीत नियमांना एक अधिकृत रूप आले. १८९९ मध्ये लंडनमधल्या एका लष्करी कवायतीच्या हॉलमध्ये ऑल इंग्लंड स्पर्धा सुरू झाली. पहिल्या वर्षी तिच्यात फक्त पुरुष दुहेरी, महिला दुहेरी आणि मिश्र दुहेरी होती; एकेरी पुढच्या वर्षी आली. हा क्रम मला फार बोलका वाटतो. ज्या काळात बहुतेक मैदाने स्त्रियांना बंद होती, त्या काळात या खेळाच्या सर्वांत मोठ्या स्पर्धेत स्त्रिया पहिल्या दिवसापासून उतरल्या, कारण फूल परतवण्याचा जुना घरगुती खेळ मुळात त्यांचाही होता आणि छावणीच्या हिरवळीवरही त्या खेळत होत्या. स्पर्धा आली तरी जुन्या सोबतीची ही एक खूण मिश्र दुहेरीच्या रूपाने टिकली. कोर्टाचा आकार मात्र बदलला. १९०१ पर्यंत कोर्ट जाळीपाशी आवळलेले, वाळूच्या घड्याळासारखे असे. आत उघडणाऱ्या दारांना जागा ठेवण्यासाठी ते तसे झाले अशी कथा सांगतात. कथा खरी असो वा नसो, त्यानंतर कोर्ट सरळ आयताकृती झाले आणि खेळ कुठल्याही एका खोलीच्या गैरसोयीतून सुटला.

हिरवळीवरून हॉलमध्ये जाणे हा या इतिहासातला दुसरा मोठा पालट आहे आणि त्याचे महत्त्व समजायला फुलाकडे बारकाईने पाहावे लागते. पावणेपाच ते साडेपाच ग्रॅम वजन, बुडाला कॉर्क, त्यात खोचलेली सोळा पिसे. चांगल्या फुलात ही सगळी पिसे पक्ष्याच्या एकाच बाजूच्या पंखाची घेतात, म्हणजे ते उडताना एकाच दिशेने फिरत राहते. मारल्यावर ते कॉर्कच्या बाजूला वळते आणि हवेचा अडथळा त्याला झपाट्याने अडवतो. सात्विकसाईराज रंकीरेड्डी याने २०२३ मध्ये जपानमधल्या चाचणीत मारलेल्या स्मॅशचा वेग रॅकेटपाशी ताशी ५६५ किलोमीटर मोजला गेला. पण तो वेग समोरच्या खेळाडूपर्यंत पोहोचता पोहोचता कुठल्या कुठे गेलेला असतो. चेंडूच्या खेळांत जो जोर लावाल तो बराचसा टिकतो. इथे तो गळून जातो. त्यामुळे केवळ ताकदवान खेळाडूला बॅडमिंटन कधीही पुरते शरण आलेले नाही. वाऱ्यात ही सगळी नजाकत वाया जाते. बंद हॉलमध्ये मात्र सुताएवढा ड्रॉप आणि मागच्या रेषेवर उतरणारा टॉस दोन्ही शक्य होतात. कोर्ट तेरा मीटर चाळीस सेंटिमीटर लांब आणि दुहेरीत सहा मीटर दहा सेंटिमीटर रुंद. एवढ्या जागेत फूल कधी वेगाने आणायचे, कधी थांबवून ठेवायचे, हा प्रश्न प्रत्येक देशाने आपापल्या परीने सोडवला. बॅडमिंटनच्या शैली म्हणजे या प्रश्नाची वेगवेगळी उत्तरे आहेत, असे समजून हे पुस्तक वाचावे.

१९३४ साली आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन झाला तेव्हा त्याचे नऊ संस्थापक सदस्य होते : इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स, आयर्लंड, डेन्मार्क, नेदरलँड्स, फ्रान्स, कॅनडा आणि न्यूझीलंड. ज्या खंडात खेळाला स्पर्धेचे रूप आले त्या आशियातला एकही देश या यादीत नाही. पंधरा वर्षांत चित्र पालटले. सर जॉर्ज थॉमस, जे बुद्धिबळातही नामांकित होते आणि ज्यांनी ऑल इंग्लंडमध्ये एकवीस विजेतेपदे मिळवली, त्यांनी दिलेल्या चषकाची पहिली स्पर्धा महायुद्धामुळे लांबून १९४८-४९ मध्ये झाली आणि अंतिम लढतीत मलायाने डेन्मार्कला ८-१ असे हरवले. मलायाचा वाँग पेंग सून अचूकपणाचा आणि संयमाचा खेळ खेळे. नंतर इंडोनेशिया आली. १९५८ मध्ये तिने थॉमस चषक मलायाकडून हिसकावला, १९५९ मध्ये तान जो होक ऑल इंग्लंड जिंकणारा पहिला इंडोनेशियन ठरला, आणि रूडी हार्तोनो याने ती स्पर्धा आठ वेळा जिंकताना खेळाचा वेगच बदलून टाकला. ल्यिम स्वी किंगने उडी मारून स्मॅश करण्याला शस्त्राचे रूप दिले. यांतले बहुतेक खेळाडू इंडोनेशियातल्या चिनी वंशाच्या समाजाचे होते. देशासाठी पदके आणणाऱ्या त्या समाजाला नागरिकत्वाचे कागद वेगळे दाखवावे लागत, आणि १९९२ मध्ये बार्सिलोनात देशाला पहिले ऑलिंपिक सुवर्ण मिळवून देणाऱ्या सुसी सुसांतीलाही ते चुकले नाही. खेळाच्या इतिहासातून ही गोष्ट गाळली तर इंडोनेशियाचा अध्याय अर्धाच राहतो. त्याच समाजातून वाँग वेनज्याव, तांग शियानहू, होऊ ज्याछांग ही मंडळी चीनमध्ये गेली, त्यांनी तिथे वेगवान, आक्रमक खेळाचा पाया घातला, आणि सांस्कृतिक क्रांतीत त्यांचीच उमेदीची वर्षे मारली गेली. चीन १९८१ मध्ये महासंघात आला आणि १९८२ मध्ये पहिल्याच प्रयत्नात थॉमस चषक घेऊन गेला. डेन्मार्कची गोष्ट अगदी निराळी. साठ लाखांच्या आसपास वस्तीचा देश, हिवाळा लांबलचक, आणि गावोगावी हॉल असलेले क्लब. अर्लंड कॉप्सपासून व्हिक्टर अ‍ॅक्सेल्सनपर्यंतची परंपरा त्या हॉलमधून आली. कोरियाने पार्क जू-बाँगच्या पिढीत दुहेरीचे शास्त्र बनवले.

भारताचे उत्तर फसवणुकीचे होते, आणि हा शब्द मी पूर्ण गौरवाने वापरतो. प्रकाश नाथ १९४७ मध्ये ऑल इंग्लंडच्या अंतिम फेरीत पोहोचले. सांगलीत जन्मलेले नंदू नाटेकर यांनी १९५६ मध्ये क्वालालंपूरची सेलांगोर स्पर्धा जिंकली, ते परदेशातले आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळवणारे पहिले भारतीय बॅडमिंटनपटू. जाळीजवळचा हलका हात आणि अखेरच्या क्षणी वळणारे मनगट ही त्यांची ओळख. प्रकाश पदुकोण बंगळूरमध्ये ज्या हॉलमध्ये सराव करत तिथे लग्ने लागत. सुविधा अपुऱ्या, पण त्यांच्या खेळात अवसर आणि नियंत्रण असे की १९८० च्या ऑल इंग्लंड अंतिम सामन्यात ल्यिम स्वी किंगसारखा झंझावाती खेळाडू १५-३, १५-१० असा हरला. वेग तोडून टाकणे हे त्या विजयाचे मर्म होते. महाराष्ट्राचा वाटा नाटेकरांपुरता नाही. क्रिकेटमहर्षी दि. ब. देवधर यांच्या मुली तारा, सुंदर आणि सुमन यांनी १९४० च्या दशकात राष्ट्रीय स्पर्धा गाजवल्या. ज्या शहराच्या छावणीत गोऱ्या स्त्रिया हिरवळीवर हा खेळ खेळत, त्याच शहरातल्या एका मराठी घरातल्या तीन बहिणी साताठ दशकांनी तो देशपातळीवर जिंकू लागल्या. ‘पुण्याचा खेळ’ हे वाक्य मला तिथे पहिल्यांदा पूर्ण अर्थाने खरे वाटते. पुढे मुंबईच्या अमी घिया, अपर्णा पोपट आणि आजचा चिराग शेट्टी. हैदराबादेत पुल्लेला गोपीचंद यांनी २००१ च्या ऑल इंग्लंड विजयानंतर जी अकादमी उभारली, तिने मात्र भारतीय खेळाचा स्वभावच बदलला. सायना नेहवाल आणि पी. व्ही. सिंधू यांच्या खेळात मनगटाच्या फसवणुकीपेक्षा शरीराची तयारी पुढे आहे. काही जुने रसिक याबद्दल हळहळतात. ती हळहळ मला समजते, पण पटत नाही. २०१२ चे ऑलिंपिक कांस्य, २०१६ चे ऑलिंपिक रौप्य, २०१९ चे जगज्जेतेपद या मेहनतीतून आले, आणि २०२२ मध्ये बँकॉकमध्ये इंडोनेशियाला ३-० हरवून भारताने थॉमस चषक उचलला तेव्हा लक्ष्य सेन, श्रीकांत आणि सात्विक-चिराग यांच्या खेळात दोन्ही परंपरा एकत्र दिसल्या.

हा इतिहास आत्ता वाचण्याचे कारण निव्वळ अभिमानाचे नाही. खेळाचे नियम आजही बदलत आहेत आणि प्रत्येक बदलासोबत ‘मूळ खेळ कोणता’ हा वाद उठतो. २००६ मध्ये स्वतःच्या सर्व्हिसवरच गुण मिळण्याची जुनी पद्धत गेली आणि प्रत्येक रॅलीला गुण देणारी एकवीस गुणांची पद्धत आली. सामने दूरचित्रवाणीच्या वेळापत्रकात बसू लागले, पण पिछाडीवरून सावकाश परतण्याची जुनी कला आकसली. २०१८ मध्ये सर्व्हिसची उंची जमिनीपासून १.१५ मीटर अशी बांधली गेली, त्यावर उंच खेळाडूंनी तक्रार केली. अकरा गुणांचे पाच गेम खेळवण्याचा प्रस्ताव २०२१ मध्ये फेटाळला गेला. पिसे बदक-हंसांच्या मांसव्यापाराच्या मागून येतात, त्यामुळे त्यांचा पुरवठा आणि भाव खेळाच्या हातात नाही, आणि कृत्रिम फुलांचे प्रयोग त्यासाठीच चालू आहेत. ‘परंपरा मोडू नका’ म्हणणाऱ्यांना हे पुस्तक अप्रत्यक्षपणे विचारते, कोणती परंपरा? २११७ वेळा फूल परतवण्याची, लोकरीच्या चेंडूची, आवळलेल्या कोर्टाची, की पंधरा गुणांची? नियम बदलणे हीच या खेळाची जुनी रीत आहे. बदल वाईट असू शकतात, तसे ते काही वेळा झालेही आहेत. पण ते वाईट का, हे त्यांनी फुलाच्या स्वभावावर आणि खेळाडूच्या वेळेवर काय परिणाम केला यावरून ठरवावे. जुनेपणा हा त्याचा पुरावा होऊ शकत नाही.

विजेत्यांच्या याद्या इतरत्र भरपूर मिळतात, म्हणून या पुस्तकात त्या मुद्दाम कमी ठेवल्या आहेत. त्याऐवजी नियम, कोर्ट, फूल आणि हॉल यांना कागदपत्रांइतकाच पुरावा मानून त्यांच्या साक्षीने इतिहास मांडला आहे. एखाद्या कथेमागे कागद नसेल तर ती कथा म्हणूनच दिली आहे. पुण्याच्या बाबतीत ही काळजी अधिक घेतली आहे, कारण आपल्याच गावाबद्दल लिहिताना पुरावा थोडा आणि उत्साह फार होण्याचा धोका असतो. बॉल बॅडमिंटनला स्वतंत्र जागा दिली आहे. एरवी तो तळटिपेत जातो, पण हिंदुस्थानातल्या खेळणाऱ्यांनी स्वतःच्या सोयीने घडवलेले तेच एक रूप ठळकपणे मागे उरले आहे. महिला खेळाडूंचा विचार वेगळ्या प्रकरणात कोंडलेला नाही. फळी-फुलाच्या खेळापासून त्या इथे आहेत आणि लेखनातही तशाच येतात. खेळणाऱ्याने, प्रशिक्षकाने आणि केवळ पाहणाऱ्यानेही हे पुस्तक कुठूनही उघडावे, मात्र फुलाच्या उड्डाणाबद्दलचा भाग आधी वाचावा. शैलींची चर्चा त्यावर उभी आहे, आणि नाटेकरांचा ड्रॉप किंवा हार्तोनोचा वेग नेमका कशामुळे चालला, हे तो भाग वाचल्यावर अधिक उलगडेल.